तिचे डाग घालवू नकोस

रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नमस्कार, आणि बाकीचं सगळं आपलं नेहमीचं. बाबांची पाठ धरली होती, आता सुटली. आई दुकानात रफूच्या कामात बुडालीये. कपाटातले लोकरी कोट सगळ्यांनी एकदमच बाहेर काढलेत. माझी उंची वाढली, अक्कल आहे तेवढीच, असं आईचं मत.

तुझी कादंबरी मिळाली. छापायच्या आधी मला वाचायला दिलीस म्हणून वर्गात जाम भाव खाल्ला. नायिकेला माझ्यासारखंच कोड आहे, कोपरांवर आणि ओठांपाशी तसेच पांढरे डाग, आणि तोंडाळही माझ्यासारखीच! बसमधल्या बाई तिच्या शेजारून उठून जातात तेव्हा ती ऐसपैस पसरून बसते, ते वाचून एवढी हसले की बाबा बघायला आले. एकच चूक आहे. आमचे डाग उन्हात चमकत नाहीत, भाजतात. तेवढं दुरुस्त कर.

शेवटच्या प्रकरणाचं मग लिहिते.

मी पोहायला जायला लागलेय. पाय अजून दगडासारखे खाली जातात, पण सर म्हणतात, दम चांगला आहे.

नको, आत्ताच लिहिते, नाहीतर राहूनच जाईल.

ते प्रकरण आईने मोठ्यांदा वाचलं. नायिका सकाळी उठते, आरशात बघते, तर डाग गायब. सगळी शाळा टाळ्या वाजवते. वाचता वाचता आई थांबली. मला जवळ ओढून म्हणाली, "बघ, तिचे गेले."

मावशी, तुला माहीत नाही, आई मला सारखी खिडकीपाशी उजेडात उभी करते, हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे वळवते आणि म्हणते, "कमी वाटतंय, नाही?" मी "हो" म्हणते. कमी काही नसतं. डोळ्याशेजारी तर नवा डाग आलाय. पण तिला बरं वाटतं, म्हणून आपली "हो" म्हणत आले.

त्या दिवशी नाही म्हटलं. "आई, माझे बहुतेक नाही जाणार. डॉक्टर बोललेत ना. मला चालतं."

"चालतं म्हणजे? उद्या लोक..."

"लोक बघतात आणि आपापल्या कामाला लागतात. तुझंच अजून बघून झालेलं नाही."

जरा जास्तच बोलले. ती सुईदोरा घेऊन बसली, जेवायलाही उठली नाही. पुढे कित्येक दिवस आमच्यात "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच.

आज मी तलावावर निघाले, तर ही चपला घालून दारात उभी. "मी पण येते." काठावर पर्स मांडीवर घेऊन बसली, परीक्षेला बसल्यासारखी. मी पाण्यात उतरल्यावर एका बाईंनी आपल्या मुलीला हाक मारली, "बाहेर ये बघू, लगेच." मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच उठली.

"कोड आहे तिला. कुणाला लागत नाही. पोहू द्या मुलीला."

मावशी, कोड! आजवर ती नुसतं "ते" म्हणायची. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांची मुलगी मात्र केव्हाच माझ्याजवळ येऊन विचारत होती, "ताई, तू पाण्याखाली किती वेळ राहू शकतेस?" आई परत बसली. ती पाण्याकडेच बघत होती, माझ्या पायांकडे.

म्हणून तुझ्या नायिकेबद्दल सांगते, तिचे डाग घालवू नकोस. तू प्रेमानेच लिहिलंस, कळतं मला. पण हे पुस्तक माझ्यासारख्या जिच्या हाती पडेल, तिचे डाग सकाळी जागच्या जागीच असणार. टाळ्या हव्याच असतील तर तिला काहीतरी करू दे, भांडू दे, जिंकू दे. नुसत्या आरशात बघण्याच्या कसल्या टाळ्या?

आईला विचारलं, मावशीला काय कळवू? म्हणाली, "सांग, शेवट पुन्हा लिही. आणि आधी मला पाठव."

तुझ्या नव्या पानांची वाट बघणाऱ्या दोघींपैकी धाकटी,
चिमी