पाटाचा नारळ

ता. ३, सोम.
सारीचं ठरलं! माझ्या नातीचं! पहिला नवरा फौजेत होता, तो वारल्याला तीन वर्सं झाली. आता आष्ट्याचा पोरगा, साखर कारखान्यात फिटर. चार पोळ्या खाऊन मला म्हणतो, "आज्जी, तुपाला हात आखडला व्हय?" लय गोड. गुडघाबी दुखायचा थांबलाय माझा. रविवारी आपल्याच देवळात लग्न.

ता. ५, बुध.
देवळाची किल्ली पाटलाच्या घरी असती. कुणाचंबी लग्न आसू दे, आधी त्यांच्या दारी नारळ न् खण, मग किल्ली. सारीच्या पहिल्या लग्नात मीच नेलता, पुढल्या दारानं. पाटलीणबाईनं च्या पाजलता, साखर जरा जास्तच. आज तिचा निरोप, "विधवेचा पाट हाय. पाटाचा नारळ मागल्या दारानं येतो."
सारी पीठ मळत होती. हात तसाच ऱ्हायला.

ता. ६, गुरु.
दिलीप, माझा ल्योक, सारीचा बा. म्हणतो, "आये, एका नारळापायी कशाला वाकडं? दे की मागनं."
सारी म्हणाली, "पप्पा, पूर्वी लग्नाला लग्नटका म्हणून कर घ्यायचे, न् विधवेनं पाट लावला की पाटदाम. कॉलेजात शिकलोय आमी. टका गेला, नारळ ऱ्हायला. मागनं गेला तर मी त्या देवळात उभी ऱ्हानार न्हाई."
धाकट्या जावंच्या पाटाचा नारळ मीच मागनं नेलता. गोठ्यापाशी ठेवला न् आले. तिला काय वाटलं आसंल, कवा इचारलंच न्हाई. आता इचारायला ती...

ता. ८, शनि.
उद्याच्या लग्नासाठी घेतल्याली नवी साडी आजच नेसले. नारळ घेऊन पुढल्या दारी गेले. पाटलीणबाई उंबऱ्यात.
"मावशी, दार चुकलासा."
म्हणलं, "मागं एकदा चुकलते. आज न्हाई."
"आवं, आसं कवा झालंय का गावात?"
नारळ न् खण उंबऱ्यावर ठेवला. तिनं आत घेतला न्हाई, परतबी दिला न्हाई.
दिलीप बोलत न्हाई माझ्यासंगं. सारीनं पाय चेपून दिलं.
आत्ता आष्ट्यासनं फोन. "आज्जी, सकाळी सातला निघतोय. माणसं किती आणू?"
म्हणलं, समदी आण.
किल्ली अजून आली न्हाई.