वरच्यांची संमती

३ मार्च

आले एकदाचे हिरवेसाहेब! नाव वेगळंच आहे, पण दर वाक्यात ‘हरित’ म्हणतात, म्हणून गावात हेच. आमच्या टेकडीखाली म्हणे बॅटरीच्या गाड्यांचा धातू आहे. तो काढला की जग वाचणार. टेकडी तेवढी जाणार! दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला यांचं काय जातं?

५ मार्च

कंपनीची सर्वेवाली पोरगी घरी आली. सासूबाईंना म्हणाली, "आजी, टेकडीवर तुमच्यापैकी कोण कोण राहतं?" त्या म्हणाल्या, "आमचे हे आहेत, थोरले दीर आहेत, आणि आमची धाकटी नात." पुरलेल्या माणसांना आम्ही ‘होते’ म्हणत नाही, ‘आहेत’च म्हणतो. पोरीने भराभर टिपून घेतलं. वर विचारते, "पाण्याबिण्याची सोय आहे ना तिथे?"

स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. मग रडू आलं. माझी धाकटी चार महिन्यांचीच आहे — गेली एकवीस वर्षं.

१२ मार्च

कंपनीच्या लेखी टेकडीवर भलीमोठी वस्ती! आणि राहणाऱ्यांच्या सहीशिवाय खणता येत नाही म्हणे. सगळ्या गावाने तोंडाला कुलूप लावलंय. शेजारीण म्हणाली, "बसू दे बोंबलत! वरची माणसं काही सह्या करायला खाली येत नाहीत."

माझ्या ह्यांचं मात्र वेगळंच. जन्मभर कोळशाच्या खाणीत धूळ गिळली, आता दारात खुर्ची टाकून धापा टाकतात. मध्येच म्हणाले, "कोळसा बंद व्हायलाच हवा गं." जसं काही मीच चालू ठेवलाय!

१९ मार्च

वस्ती कसली ते साहेबांना कळलं. चेहरा बघण्यासारखा होता! पण माणूस वस्ताद — लगेच नवा नकाशा. गावामागे रस्त्यालगत सपाट जागा, भोवती झाडं. "सगळ्यांना आदराने हलवू. जवळच्या नातेवाइकाची सही चालेल."

आदराने! झोपलेल्या धाकटीला कुशीवर वळवतानाही मी श्वास रोखून धरायचे. हे लोक यंत्र लावून हलवणार!

एकानेही सही केली नाही. सगळे उठून घरी आलो.

२० मार्च

डोकं फिरलंय. काही लिहीत नाही.

२२ मार्च

धाकटीची सही झाली. ह्यांनी केली!

ताट आपटलं मी. नाही नाही ते बोलले. पोरीला विकलंत म्हणाले. हे बराच वेळ दम खात बसले. मग म्हणाले, "तो चढ मला जमत नाही गं आता. किती वर्षं झाली तिला भेटून. सपाटीवर आली, तर रोज जाईन."

आणि मी समजत होते, हे तिला विसरले.