चाकाला लावायचा दगड

अण्णा, तुमच्या बैलगाडीतला तो काळा दगड मला परवा आठवला. झरीच्या बाजाराला निघताना माय भाकरी बांधायची, आणि तुम्ही सगळ्यात आधी तो दगड गाडीत टाकायचात. वाटेतलं मारुतीचं देऊळ चढावर. तिथं तुम्ही उतरायचात, दगड मागच्या चाकाला लावायचात, पायानं ठोकून बघायचात आणि मगच वहाणा काढायचात. एका शनिवारी ते काम मला सांगितलं होतं, आणि मी नारळ घेऊन तशीच पळाले. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हात जोडायला दोन्ही हात लागतात पोरी! मग गाडी कुणी धरायची?" मी रुसले. देवाच्या दारात कुणी असं ओरडतं का? परतीच्या वाटेवर तुम्ही तुमच्या वाट्याचं खोबरं माझ्या ओंजळीत ठेवलंत, बोलला मात्र काहीच नाहीत.

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. आता नऊ वर्षांची आहे. पायांत बळ नाही, पण तोंडात लय. तिला चाकाची खुर्ची मिळाली तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. थांबलं की दोन्ही ब्रेक लावायचे, पट्टा कायम बांधायचा, उतारावरून खुर्ची उलटी उतरवायची म्हणजे लेकरू पुढं घसरत नाही. मागच्या मुठींना जड पिशवीसुद्धा अडकवायची नाही, पोरगी उतरली की खुर्ची मागं कलंडते. हे पिशवीचं मला जरा जडच गेलं. भाजी आणि पोरगी एका खेपेत होत असताना दोन खेपा कशाला, असं वाटलं. पण ऐकलं. मी सगळं ऐकते, अण्णा. फक्त देवापुढं मला भान राहत नाही.

इथं पूर्णेला आमच्या देवळाच्या पायऱ्यांच्या कडेनं सिमेंटचा उतार केलाय. शनिवारी सकाळी मी तिला ढकलत वर नेलं. खुर्ची अजून पुरती सपाटीवर आली नव्हती, आणि आतून आरतीची घंटा वाजली. मला मूर्ती दिसावी म्हणून मी मुठी सोडून तिच्या शेजारी आले, हात जोडले, डोळे मिटले. "मम्मी!" एवढंच ऐकू आलं. डोळे उघडले तर खुर्ची मागं मागं चाललेली, आणि पोरीचे दोन्ही हात माझ्याकडं. खाली रुईच्या माळा विकणारी म्हातारी टोपली सोडून उठली आणि तिनं खुर्ची अंगावर झेलली. "अगं बया, लेकराला धर की! देव कुटं पळून जायलाय का?" पट्टा बांधलेला होता म्हणून पोरगी जागची हलली नाही. पण रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही. तिचा रुसवा माझ्यावर गेलाय, आणि मी तुमच्यावर.

घरी मी तिच्या पप्पांना सांगितलं, "ब्रेकच ढिला हाय." त्यांनी खुर्ची सायकलच्या दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार म्हणाला, ब्रेक चांगले आहेत, तरी आवळून देतो. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा पोरगी वहीत मान घालून सगळं ऐकत होती.

पुढच्या शनिवारी ती देवळात यायला तयारच होईना. "तू चल एकटी," म्हणाली. मी हातापाया पडले तेव्हा आली. या वेळी सपाटीवर पोचल्यावर तिनं स्वतः वाकून दोन्ही ब्रेक खाली दाबले, मला खुर्ची हलवून बघायला लावली, पट्टा चाचपला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हं, आता जोड हात." अण्णा, मी हात जोडले, पण डोळे काही मिटले नाहीत. देवानं रागवायचं असेल तर रागवावं.

तिच्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं उरली होती, त्यांवर हे लिहिलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं. ब्रेक ढिला नव्हता, मी लावलाच नव्हता, हे तिच्या पप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्हाला वाचून दाखवताना ही ओळ मी गाळलीच असती.