पहिल्या गोलचा मासा

आदरणीय आयलीताईंना उर्होचा सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ॲरिझोनात उकडायला लागलं असेल. इथे मिशिगनच्या टोकाला मार्च संपत आला तरी फावडं दारातच उभं आहे. माझी तब्येत ठीक, जेवण वेळेवर. (मांस-बटाटा भरलेली पॅस्टी आणतो. एकच दोन जेवणांना पुरते.) हेल्मीवाचून हिवाळा कसा काढलास, असं तुम्ही विचारलंत. आइस हॉकी बघत काढला, आणि आपलं कॉलेज अजिंक्य ठरलं!

सुरुवात मात्र वाईट झाली. घरच्या मैदानावरचे सामने आपण ओळीने हरलो. मग एका रविवारी कर्णधार डेव्हिन दारात येऊन म्हणाला, "काका, पहिला गोल झाला की मासा कोण टाकणार?" ते काम वर्षानुवर्षं माझ्या हेल्मीचं, हे तुम्ही जाणताच. हिरव्या कोटाच्या आतल्या खिशातून (तिने मुद्दाम मेणकापड लावून शिवलेल्या) मासा काढायचा, मैदानाभोवतीच्या काचेवरून बर्फावर भिरकावायचा आणि समोरच्या गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मी शेजारी थर्मास धरून बसायचो.

मी म्हटलं, "अरे, मला चारचौघांत शिंकायचीही लाज वाटते."

"मग शिंकू नका. मासा टाका. सगळी पोरं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात, काका."

पुढच्या सामन्याला मी मासा घेऊन गेलो. माझा पहिला मासा काचेवर आपटून उलटा आला आणि पाद्रीबाईंच्या मांडीवर बसला. तरी आपण जिंकलो! मग मी परसात गोठलेले मासे घेऊन सराव सुरू केला. (शेजाऱ्यांनी तुम्हाला फोन केला असेल. मी भ्रमिष्ट झालेलो नाही.) त्यानंतर घरच्या मैदानावर हरणं नाहीच.

अंतिम सामनाही इथेच होता. चकती जाळ्यात गेली, मी उठलो आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर मासा टाकला. तो हवेत असतानाच पंचाने हात हलवले. गोल बाद! आपला एक खेळाडू चकतीच्या आधीच निळ्या रेषेपुढे गेला होता. मासा मात्र घसरत घसरत त्यांच्या गोलकीपरच्या, लुसियरच्या, दोन पायांमधून थेट जाळ्यात गेला. मग मागून पाद्रीबाईच ओरडल्या, "चकती नाही तर नाही, मासा तरी धरा!" सगळं मैदान "मासा धरा, मासा धरा" करू लागलं. पंचाने बजावलं, आता बर्फावर काहीही पडलं तर तुमचा एक गडी बाहेर बसेल. लुसियरने मासा शेपटीला धरून त्यांच्या संघाच्या बाकावर नेऊन दिला.

थोड्या वेळाने डेव्हिनने खराखुरा गोल केला. माझे हात रिकामे, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. ताई, मी उभा राहिलो आणि लुसियरला हेल्मीच्या सगळ्या शिव्या घातल्या. फिनिश भाषेतल्यासुद्धा. थर्मास कुठे गेला, अजून सापडलेला नाही.

जादा वेळेत आपण जिंकलो. हस्तांदोलनं झाल्यावर लुसियर टॉवेलात गुंडाळलेला मासा घेऊन माझ्यासमोर आला.

"आजी दिसल्या नाहीत?"

"ऑक्टोबरात गेली."

त्याने मासा माझ्या हातात दिला. "चार वर्षं त्यांनी माझी आई-आजी काढली. यंदा करमतच नव्हतं. तुम्ही ओरडलात तेव्हा बरं वाटलं." मग जाता जाता म्हणाला, "त्यांच्या शिव्या जास्त चांगल्या होत्या हं."

मी घरी जाऊन मासा तळून खाल्ला. उत्तम होता.

तेव्हा घर विकून तुमच्याकडे येण्याचं यंदा राहू द्या. पुढचा मोसम ऑक्टोबरातच सुरू होतो.

तुमचा,
उर्हो

ता. क. माझा कोट धुलाईवाल्याने दारातूनच परत पाठवला. हेल्मीचा हिरवा कोट तुम्ही आठवण म्हणून नेलात, तेव्हा मी "न्या, कोटाचं काय एवढं" म्हणालो होतो. तसं नव्हतं. तो परत पाठवाल का?

आणखी एक. कृपा करून धुऊ नका. तुमच्या कपाटात काहीतरी मेलंय म्हणून तुम्ही हिवाळाभर शोधत असाल, तर ते तेच.