भावजींची मूठ आणि रंगूनची चटणी

मानवत, वैशाख शके १८६४, सोमवार

लढाईमुळे रंगून सोडून धाकटे भावजी घरी आले. तिथले लोक मासळी खारवून, कुजवून तिची चटणी खातात म्हणे. आमचं लिंगायताचं घर, मासळीचं नावही वर्ज्य; सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, तरी भावजी सांगतच होते, "वास लय घाण. गरम भातात कालवली की मग येत न्हाई."

हे भावजींना कसं ठाऊक? मी विचारलं, "तुमी चाखली का?"

"न्हाई वहिनी," म्हणाले, आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घेतलं.

ती मूठ डोक्यातून जाईना. शपथ घेतली, की देवाचे डोळे झाकले?

जेवताना मी अंबाडीची भाजी वाढली. म्हणाले, "वहिनी, अशी चव रंगूनात कुठंच न्हाई."

डाव्या हाताची मूठ पुन्हा इष्टलिंगावर.