गाडी खालून पाहिल्यावर

प्रिय ठमे,

हे पत्र तुला विम्याच्या फाइलमध्ये, पॉलिसी आणि बँकेच्या कागदांच्या मधे सापडेल. मुद्दामच तिथे ठेवलंय. फोन केला असता, पण आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझी आई शेजारी बसून दुरुस्त्या सुचवत असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको. शिवाय बोलण्यापेक्षा लिहिणं मला जमतं. तेहतीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्यांचे रिपोर्टच तर लिहिले. तेव्हा हे पत्र मधेच रिपोर्टासारखं वाटलं तर बापाला सांभाळून घे.

रविवारी तू गाडीची किल्ली आणि क्लेमचा फॉर्म माझ्या हातात ठेवलास. आठ दिवस ऑफिसच्या ट्रेनिंगला चाललेय, तोवर फॉर्म जरा नजरेखालून घाल, म्हणालीस आणि चपला शोधायला लागलीस. चपला तुझ्या पायातच होत्या. फॉर्ममध्ये लिहिलंय की हमरस्त्यावर पुढच्या ट्रकमधून दगड पडला, तो गाडीखाली आला आणि इंजिनाखालचा पत्रा चेपला. चालक म्हणून तुझं नाव. अक्षर तर इतकं सुरेख, की माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. खरं लिहिणारा माणूस घाईत असतो, त्याला कधी एकदा संपतंय असं झालेलं असतं. खोटं लिहिणारा आधी कच्चं लिहून काढतो आणि मग निवांत बैठक मारून उतरवतो.

तुला आठवत असेल, गाडी घेतलीस त्याच आठवड्यात जेवताना तू मला विचारलं होतंस. फोर-बाय-फोर आहे, डोंगरातल्या दगडी वाटांवर न्यायलाच तर घेतलीय, नेऊ का? मी मान वर न करता नाही म्हणालो. हप्ते फिटेपर्यंत गाडी बँकेची, जामीनदार म्हणून सही माझी, आणि दुसऱ्याच्या वस्तूने दगडधोंड्यांत मस्ती करायची नसते. डांबरावर चालव, धुऊनपुसून ठेव, पाच वर्षांनी तुझी झाली की खुशाल कड्यावरून ने. तू वाद घातला नाहीस. मला वाटलं, पोरीला पटलं. आता वाटतं, ज्या दिवशी तू वाद घालत नाहीस त्या दिवशी मी जास्त सावध राहायला हवं.

चेपल्या पत्र्याने चालवायला नको म्हणून सोमवारी सकाळी आपल्या मिस्त्रीच्या क्रेनने गाडी उचलून गॅरेजात नेली आणि लिफ्टवर चढवून घेतली. वरून गाडी नवरीसारखी. धुतलेली, टायर काळे केलेले, आत सुवास. इतकी स्वच्छ गाडी निष्पाप माणसाची नसते. खाली उभा राहून बॅटरी मारली, तर मागच्या चाकावरच्या कमानीच्या आतल्या घडीत तांबडी माती, बोटाने खरवडावी लागेल अशी घट्ट. हमरस्त्यावर तांबडी माती कुठून आली, बाईसाहेब? मिस्त्री माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसला.

मग पत्रा पाहिला. पुढून येऊन दगड आपटला असता तर ओरखडे मागे ओढले गेले असते आणि पत्र्याची सुरकुती मागच्या बाजूला गोळा झाली असती. इथे उलटं. सुरकुती सगळी पुढच्या टोकाला. म्हणजे दगड जागेवरच होता आणि गाडी त्याच्यावरून मागे घसरली होती. चढावर, उंच दगडी पायरीवर गाडी अर्धी चढली, इंजिन बंद पडलं आणि चालवणाऱ्याने घाबरून क्लच दाबला. क्लच दाबला की चाकं मोकळी, आणि मग गाडी जाते उताराच्या मर्जीने. नवशिक्याची चूक आहे ही. मी मिस्त्रीच्या स्टुलावर बसलो, कारण ही चूक तुझी असूच शकत नाही. तू अठरा वर्षांची असताना कारखान्यामागच्या मैदानावर तीन महिने मी तुझ्याकडून हेच घोटून घेतलं होतं. ब्रेक घट्ट बसल्याशिवाय क्लचला पाय लावायचा नाही. तू झोपेतसुद्धा ते चुकणार नाहीस.

म्हणजे गाडी तू चालवत नव्हतीस. दुसरंच कुणीतरी चालवत होतं आणि त्याच्यासाठी तू स्वतःच्या नावावर खोटं लिहीत होतीस. हे मला त्या चेपलेल्या पत्र्यापेक्षा जास्त लागलं. खरं सांगतो, माझा संशय सरळ तुझ्या ऑफिसातल्या लंबूरावावर गेला. वाढदिवसाला आला होता तेव्हाच मला तो पसंत नव्हता. फार हसतो. पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात त्याची उलटतपासणी घेतली. तुझ्या आईलाही आडून विचारलं, की गेले दोन महिने दर शनिवारी तुम्ही दोघी मावशीकडे जाता तेव्हा ठमीला कुणाचे फोन येतात का. ती म्हणाली, तिचं वय पस्तीस आहे, येऊ देत की, आणि वाटाणे सोलत राहिली.

बुधवारी पुरावा गोळा करावा म्हणून पुन्हा गॅरेजात जाऊन गाडीत डोकावलो. चालकाची सीट पाहिली, तर ती पार पुढे ओढलेली. लंबूराव त्या सीटवर बसला असता तर त्याचे गुडघे कानाला लागले असते. तू निघण्याआधी इतकं सगळं धुतलंस आणि नेमकी सीट मागे घ्यायला विसरलीस. शनिवारी संध्याकाळी आईला शेजारी बसवून तूच गाडी घरी आणलीस असं मी धरून चाललो होतो. आता मला तीही खात्री राहिली नाही. मग मागच्या सीटखाली हात घातला आणि आपल्या सोफ्यावरची ती निळी उशी निघाली. महिनाभर मी ती घरभर शोधत होतो. कपाटं उपसली. तुझी आई शांतपणे म्हणाली होती, उसवली होती, टाकून दिली. उशी कुठेही उसवलेली नव्हती. बसून बसून तेवढी चपटी झाली होती.

तरी माझा विश्वास बसेना. मावशीला फोन लावला. तुझी आई तिथे छत्री विसरली का एवढंच विचारणार होतो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, हो हो, शनिवारी दोघी दिवसभर इथेच होत्या. न विचारता दिलेला जबाब मी आयुष्यात कधी खरा धरला नाही. फोन ठेवला आणि तसाच व्हरांड्यात बसून राहिलो. आत तुझी आई कपडे घड्या करत होती. चार फूट दहा इंचांची बाई, गुडघ्याला तेल लावणारी, जिना उतरताना कठडा धरणारी. आणि दोन महिने दर शनिवारी ही बाई बँकेच्या गाडीने डोंगर चढत होती.

मला राग आला पाहिजे होता. आलाही, अर्धा तास. फसवलं गेल्याचा राग असतो तसा. मग तो ओरखडा पुन्हा डोळ्यांसमोर आला आणि मला कळलं की ही चूक मी आधीही पाहिलीय. तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. आपली पहिली सेकंडहँड गाडी होती. तुझी आई हट्टाने शिकायला बसली होती. घरासमोरच्या चढावर गाडी बंद पडली, तिने क्लच दाबला आणि गाडी मागे येऊन फाटकाला टेकली. फाटकाचा एक गज वाकला, बाकी काही नाही. शेजारी बाहेर आले. मी त्याच दिवशी एका भीषण अपघाताचा सर्व्हे करून आलो होतो, पण ते काही कारण नव्हे. मी सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली आणि म्हणालो, "तुझ्या हातात गाडी दिली तर मला रोज घरीच सर्व्हे करावा लागेल." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तेहतीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली आणि मी तिला कधी विचारलं नाही, पुन्हा बसतेस का म्हणून. तुला मात्र तीन महिने शिकवलं. ती तेव्हा मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन उभी असायची. आता वाटतं, ती नुसती पाणी घेऊन उभी नव्हती, शिकत होती. लांबून जेवढं ऐकू येतं तेवढंच शिकली, बिचारी.

फॉर्म मी फाडून टाकलाय. माझ्या जागी आज जो कुणी सर्व्हेअर आहे त्याने पाच मिनिटांत तुला पकडलं असतं, आणि नसतं पकडलं तरी माझ्या मुलीच्या सहीखाली ते वाक्य मला चालणार नाही. डोंगरात झालेली मोडतोड आपली आपण भरायची, तिथे विमा आणि थापा दोन्ही न्यायच्या नाहीत. पत्रा मिस्त्रीने सरळ केलाय आणि त्याच्याखाली जाड दुसरा बसवलाय. गाडी अडकली तर ओढायचा पट्टा डिकीत ठेवलाय. तू मला विचारलं होतंस त्याचं उत्तर बदलतोय. ने. पण एकटी गाडी नको, बरोबर दुसरी हवी, आणि पायरीच्या अलीकडे गाडीतून उतरून आधी दगड बघायचा. हप्ते चालू राहतील. तिच्या गुडघ्यांना पाच वर्षं थांबायला सांगता येणार नाही. मी तिला काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. शनिवारी ती मावशीकडे चालले म्हणेल, मी बरं म्हणेन. हे सगळं पत्र खरं तर एका वाक्यासाठी लिहिलंय. पुन्हा त्या पायरीवर गेलात की तिला सांग, ब्रेक घट्ट बसल्याशिवाय क्लचला पाय लावायचा नाही. तुझं म्हणून सांग. माझं आहे असं कळलं तर ती ऐकायची नाही, आणि तिचं चुकणार नाही. त्या दिवशी किल्ली काढून घ्यायच्या ऐवजी मी एवढंच सांगायला हवं होतं. उशी धुऊन, कापूस भरून सीटवर ठेवलीय. वर पोचल्यावर तिला स्वतःहून मला फोन करावासा वाटला, तर मी घरीच असेन. स्पीकर बंद ठेवीन.

तुझाच,
बाबा