टिटवी ओरडली नाही

रविवार, १२ मे

पोचले एकदाची! करागांडी शहरातून बसने सहा तास, पुढे इथले मेंढपाळ, माझे वाटाडे सेयितकाली-आगा यांच्या मोटरसायकलच्या बाजूगाडीत तासभर. तोंडात वाटीभर धूळ गेली, पण टोपी आणि दुर्बीण दोन्ही शाबूत आहेत. अक्सोर म्हणजे तीसेक घरं, मेंढ्यांचे वाडे आणि पाण्याची एक गंजकी टाकी. टाकीवर भोरड्यांचा असा गोंगाट, की आगा काय सांगतायत ते मला दोनदा विचारावं लागलं.

उतरले आहे दरीगा-आपांकडे. वय ऐंशीला टेकलेलं, जीभ विशीची. गरम बावुरसाकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात पुढे ठेवून त्यांनी विचारलं, की पाखरं बघायचा पगार देतात का खरंच? मी हो म्हटल्यावर कपाळावर हात मारला. ‘‘अगं बाई, मग माझा जन्मभराचा पगार बुडाला की!’’

काम सोपं आहे. शहरातली एक प्रवासी कंपनी पुढच्या वर्षी पक्षी बघणाऱ्यांना इकडे आणणार आहे. त्यांना बारा चांगल्या जागा हव्यात, वाटेच्या खुणांसकट. हे काम माझ्या नवऱ्याचं, येर्देनचं होतं. फेब्रुवारीत तो गेला. कंपनीच्या साहेबांनी मला विचारलं, मी शिकवते त्या शाळेतून रजा घेतली. आयझान माझ्या आईकडे आहे. सात वर्षांच्या पोरीला इतके दिवस सोडून यायचं म्हणजे — पण येर्देनची वही अर्धीच राहिली होती.

मंगळवार, १४ मे

दोन दिवसांत पाच जागा झाल्या. उत्तरेच्या तळ्यातल्या लव्हाळ्यात शेंडीबदकं. नांगरटीच्या कडेला करकोच्यांची जोडी, मादी अंड्यांवर. जुन्या कबरस्तानामागे काळे चंडोल. आगांना पुस्तकातली नावं ठाऊक नाहीत, पण कुठलं पाखरू कुठे बसतं ते तोंडपाठ. करकोच्याला ते ‘जावईबापू’ म्हणतात, ऐटीत चालतो म्हणून.

फोन फक्त घरामागच्या टेकाडावर लागतो. आयझान झोपताना बाबाचा कोट मागते आणि त्यात तोंड खुपसून रडते, असं आई म्हणाली. फोन ठेवून मी वाड्याआड जाऊन रडले. मेंढ्या बघत होत्या.

गुरुवार, १६ मे

आगा लोकर कातरण्यात गुंतलेले, म्हणून एकटीच दक्षिणेला गेले. दोन टेकाडांपलीकडे एक खळगा आहे. मिठाने पांढरा, मधे उथळ पाणी. तासाभरात अकरा जातींचे पक्षी मोजले आणि त्यातला एकही मला बघून उडाला नाही. टिटवी घरट्यावर होती. हाताच्या अंतरावर गेले. एरवी तिने आकाश डोक्यावर घेतलं असतं. तिने फक्त पाहिलं. मी तिच्या पाठीला बोट लावलं, तरी बसूनच.

तिथे फार शांत वाटलं. फोटो काढणाऱ्यांना तर पर्वणीच!

संध्याकाळी सांगितलं तेव्हा आगांनी चहाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, अकरा जागा मी दाखवतो, बारावी ती धरू नकोस. का, ते सांगेनात. आपांनी तर विषयच बदलला.

शनिवार, १८ मे

पुन्हा गेले. सकाळी नऊ ते दुपारी एक.

कोल्हा आला आणि टिटवीच्या घरट्यापाशी थांबला. टिटवी उठून दोन पावलं बाजूला झाली. चार अंडी, सहा मिनिटं लागली. ती तिथेच उभी होती. ओरडली नाही. मी वेळ लिहून घेतली.

परतताना लक्षात आलं की सबंध दिवसात येर्देनची आठवण झाली नाही. घरी येऊन पिशवीतून त्याचा फोटो काढून पाहिला. बरा दिसणारा माणूस आहे. ठेवून दिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली.

सोमवार, २० मे

काल गेले, आजही गेले.

दुपारी चहाची किटली चुलीवरून उचलली. आपा किंचाळल्या, तेव्हा खाली पाहिलं. कापड घ्यायचं राहिलं होतं. तळव्याची कातडी किटलीला चिकटली होती. दुखत नव्हतं.

मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. त्यांचे वडील लढाईत गेल्याचा कागद आला, तेव्हा गावातल्या बायका त्यांच्या आईला त्या खळग्यात घेऊन गेल्या होत्या. पूर्वी तसं करत. दुःख अनावर झालेल्या बाईला तिथे चार दिवस बसवत. आई परत आली, रडणं थांबलं, गाय पिळू लागली. दरीगा-आपा तेव्हा पाच वर्षांच्या. त्या हिवाळ्यात चुलीपाशी त्यांची बाही पेटली. आई समोर बसून लोकर विंचरत होती. विंचरतच राहिली.

आपांनी बाही वर केली. खांद्यापर्यंत कातडी मेणासारखी. म्हणाल्या, ‘‘पोरी, ती दुष्ट नव्हती गं. ती तिथे नव्हतीच.’’

मी विचारलं, मग विझवलं कुणी? त्यांनी बाही खाली ओढली. हे विचारायला नको होतं बहुतेक.

गुरुवार, २३ मे

टेकाडावर आईचा फोन आला. आयझान जेवत नाही. रोज विचारते, आई पण गेली का. परवाच्या बसने शेजारणीसोबत पाठवते आहे.

आनंद व्हायला हवा. लिहून ठेवते, म्हणजे चुकणार नाही:

ती आली की जवळ घ्यायचं.
तिला आधी वाढायचं.
रडली तर उचलायचं.
खळग्यात जायचं नाही.

आपांना वचन दिलं आहे. दुपारी गेले होते. वचन नंतर दिलं की आधी — आठवत नाही.

शनिवार, २५ मे

आली. जवळ घेतलं. तिने मान वर करून पाहिलं आणि जरा मागे सरली. नंतर आपांना हळूच विचारत होती, आईला बरं नाही का? आपांनी तिला साय घालून चहा दिला, जावईबापूंची नक्कल करून दाखवली. हसली.

संध्याकाळी बाबाच्या कोटात रडली. उचललं. थांबली नाही. चाळीस मिनिटं.

एवढंसं पोर. कशाला सोसायचं तिने? माझं थांबलं तसं तिचंही —

रविवार, २६ मे. सकाळ

आपांनी दारात हात धरला. ‘‘मला ने, म्हातारीला ने, पोरीला नको!’’ त्यांची बोटं एक एक सोडवली. आगा मेंढ्यांमागे गेलेले. आपांना धावता येत नाही. काठी घेऊन निघाल्या आहेत, मागे दूरवर दिसतात.

वाटेत जरा टेकलोय. आयझानने हात धरलाय, बाबाचा कोट माझ्या खांद्यावर दिलाय. विचारते, तिथे पाखरं हातावर बसतात?

रविवार. दहा वाजून चाळीस

बसले आहे. रोहित पक्षी त्रेसष्ट, उचाटे अठरा.

आयझान पाखरांकडे धावत गेली. मिठाचा पापुद्रा फुटला. खाली चिखल. गुडघ्यापर्यंत.

आई म्हणून हाक मारते आहे.

कमरेपर्यंत. एकही पाखरू उडालं नाही.

आपा टेकाडावर दिसतात. फार लांब. काठी हलवतायत.

मला काही वाटत नाही. वाट बघते आहे, आत्ता काहीतरी वाटेल — नाही.

हाका मारते आहे, म्हणजे तिला अजून वाटतंय. भीती वाटतेय. ती रडते आहे. हे चांगलं —

आता हाका कमी झाल्या. माझ्याकडे नुसती बघते. टिटवीसारखी —

नको. हिला नको.

काही वाटत नाही. वाटणारही नाही. तरी उठते. कोट फेकला तर तिच्यापर्यंत पोचेल, एक बाही माझ्या हातात, वही इथेच ठेव—